आईची खोली, दहा बाय आठ

१

निवृत्त माणसानं सकाळी फिरायला जावं, पेपर वाचावा, नाहीतर बाकावर बसून सरकारला नावं ठेवावीत. सीताराम गजभियेला यातलं काहीच करायला सवड नव्हती. त्याला आपलं घर नियमित करून घ्यायचं होतं.

दर मंगळवारी तो साडेनऊला धायरीहून बस पकडायचा, स्वारगेटला बदलायचा आणि कागदांची पिशवी छातीशी धरून बांधकाम परवानगीच्या कचेरीत जाऊन बसायचा. तोच बाक, तोच पंखा, पंख्याखाली तेच सात-आठ चेहरे. त्यांच्यापैकी एकाच्या मुलीचं लग्न ठरल्याचं सीतारामला तिच्या सख्ख्या मामाच्या आधी कळलं होतं. साडेबाराच्या सुमारास फाइल बाहेर यायची आणि तिच्यावर नवी त्रुटी लिहिलेली असायची. उत्तर दिशेचा बाण नाही. बाण काढून नेला, तर बाण आहे पण बाजूला मोकळं सोडायचं सामासिक अंतर नाही. तेही लिहून नेलं, तर सही निळ्या शाईत आहे, काळ्या शाईत हवी. माणूस किती प्रकारे चुकू शकतो हे सीतारामला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळत होतं.

हसायला ठीक आहे, पण प्रकरण हसण्यासारखं नव्हतं. चौऱ्याण्णव साली त्यानं फंडाचे पैसे काढून दीड गुंठा घेतला, तेव्हा धायरी गाव होतं. भोवती ज्वारी होती, आणि घर बांधायला कोणाची परवानगी लागते हे सांगणारा माणूस मैलभरात नव्हता. तीन खोल्या त्यानं स्वतः पाणी मारून उभ्या केल्या. मग गाव शहरात गेलं, हिंजवडीत कंपन्या आल्या, ज्वारीच्या जागी इमारती उठल्या आणि एक दिवस दारावर नोटीस लागली. बांधकाम अनधिकृत आहे, सहा महिन्यांत नियमित करून घ्यावे, अन्यथा पाडण्यात येईल. नोटीस लावणाऱ्यांनी जाता जाता भिंतीवर लाल रंगाची फुली मारली. गल्लीत आणखी एका घरावर तशी फुली होती. ते घर दिवाळीनंतर राहिलं नाही.

चंद्रभागा, म्हणजे सीतारामची बायको, रोज अंगण झाडताना फुलीकडे पाठ करून झाडायची. सहापैकी पाच महिने संपले होते.

२

नकाशाच मुळात चुकीचा आहे, असं पाचव्या महिन्यात कचेरीला कळलं. नवा काढायचा तर श्रीनिवासकडे जा, असं बाकावरच्या मंडळींनी एकमतानं सांगितलं. हा ड्राफ्ट्समन स्वारगेटजवळ एका जिन्याखाली टेबल मांडून बसायचा. त्यानं सीतारामच्या घराचं माप लिहून घेतलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"तीनच खोल्या? मागं एवढी जागा मोकळी टाकलीय ती शोभेला का?"

"तिथं धुणं धुतो आम्ही."

"छान. धुवा. पण चौथी खोली आत्ताच दाखवून ठेवा. उद्या मुलीचं लग्न, जावई येणार, तुम्ही परत अर्ज करणार, परत माझ्याकडे येणार. मला काय, मी बसलोच आहे."

"पण ती खोली नाही."

"कोणाचीच नसते हो. आहे म्हणून दाखवायची, मंजुरी मिळाली की सावकाश बांधायची. सगळे असंच करतात. बघायला येतो कोण?"

छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतलेल्या बापाचा सीताराम हा मुलगा. बावीस प्रतिज्ञा त्याला पाठ होत्या, आणि खोटं बोलणार नाही ही त्यातली एक होती. पण पाच महिन्यांत वीस मंगळवार येतात, आणि वीस मंगळवार बाकावर बसलेला माणूस आतून थोडा सैल होतो. त्यानं मान हलवली.

श्रीनिवासनं पट्टी ठेवून स्वयंपाकघराच्या मागे चार रेघा मारल्या. दहा बाय आठ. मध्ये एक दार. "नाव काय देऊ?"

सीतारामच्या तोंडून निघून गेलं, "आईची खोली लिहा."

"उपयोग लिहायचा असतो. नातं नाही," श्रीनिवास म्हणाला. पण लिहिलं त्यानं तेच, सुबक अक्षरात.

सीतारामची माय भंडाऱ्याकडच्या गावी विड्या वळून जगली. सत्त्याऐंशी साली ती एकदाच पुण्याला आली. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये एकच खोली होती, त्यात सीताराम, बायको आणि लहान मुलगी. माय आठ दिवस मोरीच्या उंबऱ्याशी अंग मुडपून झोपली आणि नवव्या दिवशी म्हणाली, "मले पाय पसरायला जागा झाली की बोलाव." जागा झाली नाही, आणि दोन वर्षांत मायच गेली. सीताराम हे कोणाला सांगत नसे. पण त्याला ते रोज आठवायचं.

३

नकाशा देऊन पंधरा दिवस झाले. त्या मंगळवारी कचेरीत साहेब नव्हते. "पाहणीला गेलेत, पुढच्या मंगळवारी या," असं सांगून शिपायानं त्याला वाटेला लावलं. पुढच्या मंगळवारी मात्र आक्रीत घडलं. कनिष्ठ अभियंता रंगराव शेडगे यांनी सीतारामला स्वतःहून आत बोलावलं आणि खुर्ची दाखवली.

"मागच्या मंगळवारी तुमच्याकडे येऊन गेलो," शेडगे म्हणाले. "सगळं नकाशाप्रमाणे आहे."

सीतारामनं मनातल्या मनात हिशेब केला. मागच्या मंगळवारी तो इथं बाकावर होता. चंद्रभागा मांजरी गावात बहिणीकडे गेली होती. मुलगी निकिता कंपनीच्या कामासाठी चार महिने बंगळूरला. घराला कुलूप होतं. एक किल्ली त्याच्या खिशात, दुसरी चंद्रभागेच्या बटव्यात.

"चारही खोल्या पाहिल्या?" त्यानं विचारलं.

"पाहिल्या, मोजल्या. मागची तर तंतोतंत दहा बाय आठ. नकाशात दहा म्हटलं की जागेवर साडेनऊ असतं, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. कोण होता गवंडी?"

"आणि दार?"

"तुमच्या आईंनी उघडलं. पाणी दिलं." शेडगेंचा रुक्ष आवाज जरा मऊ झाला. "लोक आम्हाला बघून कुत्रं सोडतात, गजभिये. पाणी कोणी विचारत नाही. बरं वाटलं."

या क्षणी सीतारामनं खरं सांगायला हवं होतं. ते सांगितलं असतं तर फाइल तिथंच मेली असती आणि महिन्याभरात घर. तो काही बोलला नाही. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं त्यानं घरी जाताना बसमध्ये स्वतःला तीनदा समजावलं.

घरी पोचल्यावर तो चपला न काढता मागच्या अंगणात गेला. धुण्याचा दगड होता, दोरी होती, कढीपत्त्याचं झाड होतं. स्वयंपाकघराची मागची भिंत सलग होती. त्यानं तळहातानं ती सगळी चाचपली.

"काय करून राहिले?" चंद्रभागा स्वयंपाकघराच्या बाजूच्या खिडकीतून म्हणाली.

त्यानं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि निकाल दिला, "साहेब आलाच नसंल. खुर्चीत बसून लिहिलं असंल, अन् तोंड लपवायला गोष्ट सांगतली."

सीतारामला हे एकदम पटलं. इतकं साधं उत्तर आपल्याला सुचू नये याचं त्याला हसू आलं. संध्याकाळी समोरचा गोठेवाला पोपट दूध घालायला आला, तेव्हा त्यानं सहज विचारलं.

"आलं व्हतं की सायेब," पोपट म्हणाला. "चांगली धा-पंधरा मिंटं आत व्हतं."

"कुलूप होतं ना पण."

"कुलूप? न्हाय बा. त्येंनी हाक मारली, आतनं कडी काढल्याचा आवाज आला. मला वाटलं वैनी हाईत."

चंद्रभागेनं दुधाचं पातेलं खाली ठेवलं आणि पदरानं हात पुसत राहिली.

४

दोन दिवसांनी चुन्याची बादली घेऊन कचेरीचा एक माणूस आला आणि भिंतीवरची फुली झाकून गेला. चंद्रभागा अंगणातच खाली बसून रडली. सीतारामही रडला. पाच महिने दोघांनी एकमेकांसमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी निघालं.

दुपारी जेवणं झाल्यावर तो स्वयंपाकघरात मागच्या भिंतीसमोर उभा राहिला. त्याचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. या घरात श्राद्ध नव्हतं, नैवेद्य नव्हता. पण आभार मानायला कुठंच बंदी नव्हती. तो हळूच म्हणाला, "माय, तूच असशील तर ऐक. मी तुला जागा दिली नाही, अन् तू माझी जागा वाचवली."

भिंतीपलीकडे खाट कुरकुरली.

तो धावत बाहेर गेला. दगड, दोरी, कढीपत्ता. उन्हात दोरीवर त्याचाच सदरा वाळत होता.

शेजारच्या घरातली खाट असेल. भिंत दुपारी तापते, मग विटा आवाज करतात. कारणं पुष्कळ होती आणि सीतारामनं ती सगळी मांडून पाहिली. मग दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला तो पुन्हा भिंतीशी गेला आणि पुन्हा दोन शब्द बोलला. हळूहळू त्याचा नेमच झाला. आज बस वेळेवर मिळाली, निकीचा फोन आला होता, वांगी चांगली निघाली, असलं काहीबाही तो भिंतीला सांगायचा. पलीकडे कोणीतरी ऐकायचं. चौदा वर्षं छातीवर असलेलं ओझं रोज थोडं कमी व्हायचं, आणि त्याबद्दल तो मनापासून आभारी होता.

चंद्रभागेलाही सुख होतं. ती दुकानात गेली की मागे दूध उतू जात नसे, गॅस आपोआप बंद झालेला असे. दोरीवरचे कपडे घड्या होऊन दगडावर ठेवलेले असत. "जिवंत असताना तुमच्या मायनं एवढं काम केलं नव्हतं माझं," ती एकदा हसत म्हणाली. घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं.

एकच गोष्ट सीतारामला खुपायची. खाट कुरकुरायची ती भिंतीच्या डाव्या टोकाला, जिथं उशी असावी तिथं. आणि त्याच क्षणी, कोणी पाय लांब करावेत तशी सरसर यायची ती पार उजव्या टोकाला, मोरीजवळ. मधलं अंतर त्यानं मोजलं होतं, पुरे दहा फूट. आवाज घुमतो, असं त्यानं ठरवून टाकलं.

५

मंजुरीचा कागद हातात यायच्या आधीच तो पेढे घेऊन कचेरीत गेला. सोबत मायचा फोटो घेतला. या साहेबामुळे आपलं छप्पर राहिलं, ज्या हातचं पाणी तो प्यायला तो हात त्यानं ओळखावा, एवढीच त्याची इच्छा होती.

शेडगेंनी पेढा बाजूला ठेवला, फोटो उजेडात धरला. फोटोत माय नातीशेजारी उभी होती. निकिता तेव्हा चौथीत होती, आणि दोघींची डोकी जवळजवळ एका रेषेत होती.

"या कोण?" शेडगेंनी विचारलं.

"माझी आई. पाणी दिलं ना तुम्हाला."

"नाही. या नव्हेत." त्यांनी फोटो परत दिला. "त्या चांगल्या उंच आहेत. मागच्या खोलीतून वाकून बाहेर आल्या. मला लक्षात राहिलं, कारण दार मी मोजलं होतं. सात फुटी आहे."

कचेरीतला पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावर कोणीतरी शिक्का मारत होतं. सीतारामनं फोटो खिशात घालायला घेतला, पण त्याला खिसा सापडेना.

"मी विचारलं, आजी, किती दिवस झाले इथं राहायला? म्हणाल्या, खोली झाल्यापासून," शेडगे सांगत होते. "नाव विचारलं, तर म्हणाल्या, मुलगा देईल. तेवढी एकच त्रुटी राहिलीय बघा." त्यांनी एक छापील फॉर्म पुढे सरकवला. "चार खोल्या, रहिवासी तीन. मागच्या खोलीत कोण राहतं ते लिहून आणा. नावाशिवाय फाइल पुढे गेली तर वरून परत पाठवतील, परत पाहणी लागेल. मग माझ्या हातात नाही."

६

दुपारचे तीन वाजत होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म पसरला होता. सीताराम, चंद्रभागा, निकिता, तीन नावं लिहून झाली होती. चौथी ओळ मोकळी होती.

"लिहून टाका," चंद्रभागा म्हणाली.

"कोणाचं लिहू?"

"मायचं."

"अगं, ती माय नाही. साहेबानं फोटो पाहिला."

"माहीत आहे मले." चंद्रभागा त्याच्याकडे बघत नव्हती. "परवा दोरीवरचे कपडे काढून राहिली होती. मी या खिडकीतून पाहिलं. खिडकीत नुसती कंबर दिसली."

सीतारामनं खिडकीकडे पाहिलं. खिडकी जमिनीपासून साडेतीन फुटांवर सुरू व्हायची आणि सात फुटांवर संपायची.

"मग बोलली काहून नाही?"

"काय बोलू? कोण का असंना, तिनं आपलं घर ठेवलं. आपल्या माणसांनी तरी ठेवलं असतं का? अन् मागून काय राहिली, एक नावच ना." तिचा आवाज बारीक झाला. "उद्या दुसरा साहेब आला, अन् तिनं दार नाही उघडलं तर?"

सीतारामनं पेन उचललं. मायचं नाव देऊन टाकायचं म्हणजे काय, हे त्याला नीट कळत होतं. मायजवळ आयुष्यभरात स्वतःचं असं तेवढंच होतं. सातबारा नाही, रेशनकार्डावर पहिली ओळ नाही, पुण्यात खोली नाही. ते आता भलत्याच कोणाच्या अंगावर घालायचं. दुसऱ्या बाजूला बाहेर ताजा चुना मारलेली भिंत होती. तिच्यावर परत लाल रंग चढलेला त्याला बघवला नसता.

त्यानं लिहिलं. यमुनाबाई. मग बापाचं नाव. मग गजभिये.

शेवटच्या अक्षरावर पेन टेकलं आणि त्याच्या पाठीमागे कडी निघाली. त्या भिंतीला कडी नव्हती. थंडगार, बंद खोलीतली हवा मानेवर आली. चंद्रभागा समोर बसली होती. तिची नजर त्याच्या डोक्यावरून वर गेली, आणखी वर गेली, छताशी थांबली, आणि मग तिनं डोळे मिटून घेतले.

सीतारामनं मान वळवली नाही. तो फॉर्मवरचं नाव बघत राहिला. एक हात त्याच्या डोक्यावर टेकला. हात कोमट होता, जड नव्हता. बोटं कपाळावरून उतरत भुवयांखाली आली आणि तरी संपली नाहीत.

"थकला काय रे, सीताराम?" मायच्या आवाजात कोणीतरी विचारलं. तोच आवाज, तोच हेल. चौदा वर्षांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. तो ढसाढसा रडायला लागला आणि म्हणाला, "हाव, माय. लई थकलो."

७

मंजुरी आठ दिवसांत आली. पुढच्या शनिवारी निकिता बंगळूरहून परतली, तेव्हा मंजुरीचा कागद काचेच्या चौकटीत बाहेरच्या खोलीत लागला होता.

"बाबा, फायनली! मला तर वाटलं होतं घर गेलंच आपलं," असं म्हणत तिनं कागद वरून खाली वाचला, आणि शेवटच्या ओळीवर थांबली. "हे काय? आजीचं नाव? आजी जाऊन चौदा वर्षं झाली."

"हळू बोल," सीताराम म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

निकितानं आईकडे पाहिलं. चंद्रभागा स्वयंपाकघरात चहा गाळत होती. ओट्यावर चार कप होते.

"झोप नाही येत बिचारीले नीट," सीताराम सांगू लागला. त्याचा चेहरा इतका समाधानी निकितानं कधी पाहिला नव्हता. "दहा फुटांची खोली, अन् तिले पाय मुडपून झोपावं लागते. पहिल्यापासूनच उंच. गावच्या घरातही माय दारातून वाकूनच यायची, आठवते ना तुले?"

"कोण? आजी?" निकिता हसली, मग हसायची थांबली. "बाबा, आजी माझ्या एवढीशी होती. मी चौथीत होते तेव्हा आम्ही एकमेकींचे ब्लाउज घालून बघायचो."

सीतारामनं आठवून पाहिलं. माय उंबऱ्याशी उभी होती, छताला मान लागू नये म्हणून वाकलेली, लांब हात खाली सोडलेले. दुसरं काही आठवेना. पोर लहान होती तेव्हा, तिच्या काय लक्षात राहणार, असं म्हणून त्यानं तिच्या गालावर हात फिरवला.

"हाव, वाकूनच यायची," चंद्रभागा कपांत चहा ओतत म्हणाली.

निकितानं पायाजवळची बॅग हळूच उचलली आणि ती दाराकडे सरकली. ती का निघाली ते सीतारामला कळलं नाही. प्रवासाचा शीण असेल. त्याचं मन भरून आलं होतं. घर राहिलं होतं, माणसं सगळी एका छपराखाली होती, आणि ज्यांनी ज्यांनी हे घडवलं त्या सगळ्यांचे त्यानं मनातल्या मनात एकेक करून आभार मानले. आता मायची एवढी एकच अडचण दूर केली की झालं.

"मंगळवारी श्रीनिवासकडे जातो," तो म्हणाला. "वरचा मजला दाखवून ठेवतो नकाशात. म्हणजे मायले सरळ उभं राहता येईल."

मागच्या खोलीतून कोणीतरी समाधानानं हुंकार भरला, आणि चंद्रभागा चौथा कप घेऊन तिकडे आत गेली.